घरात एकच भाषा

सायरन वाजला तेव्हा मी बिरुदेवकडं बघत होते. तसं ठरलंच होतं. कॉलेजात आगीची सूचना देणारी नवी यंत्रणा बसवायचं निघालं तेव्हा नुसता भोंगा चालणार नाही, सोबत लुकलुकणारा लाल दिवा पाहिजे, हा हट्ट माझा होता. ज्याला ऐकू येत नाही त्यानं काय बाकीचे पळायला लागले की त्यांच्या मागं पळायचं? असं मी बैठकीत विचारलं होतं, सगळे क्षणभर गप्प झाले होते, आणि त्यांचं ते गप्प होणं मला आवडलं होतं. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणं हे माझं काम. कुणाला पेपर लिहायला लेखनिक मिळवून द्यायचा, कुणाचा वर्ग तळमजल्यावर आणायचा, कुणासाठी पुण्याच्या सांकेतिक भाषेच्या दुभाषी बाईंना व्हिडिओवर बोलवायचं. तर आज कंपनीचा सोमेश शिडीवर चढून माझ्याच खोलीच्या छताला तो दिवा बसवत होता, आणि चाचणीसाठी मी बिरुदेवला बोलावून घेतलं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळांच्या घरचा, जन्मापासून ऐकू न येणारा. "मॅडम, कान झाका हं, लई बेकार वाजतंय," सोमेश वरून म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. तो आवाज कानात नाही, दातांत आला. शिडीवरच्या सोमेशनंच खांदा वर घेऊन एक कान दाबला, व्हरांड्यात कुणीतरी "अगं बाई गं" म्हणालं, खिडकीवरची कबुतरं एकदम उडाली. दिवा मात्र लागला नाही. बिरुदेव आपला निवांत मोबाइल बघत बसलेला. बघा, मी मनात म्हटलं, हेच तर मी सांगत होते. त्या क्षणी मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आणि त्याच आनंदात मी खाली वळले, हात पुढं करूनच वळले, कारण आजी देवळात जाणार म्हणून आज सोबत आणलेली माझी अक्षू आता घाबरून भोकाड पसरणार होती आणि तिला उचलून घ्यायचं होतं.

ती फरशीवर पेनांची टोपणं ओळीनं लावत होती. निळं, काळं, निळं. सायरन वाजतच होता. तिनं एक टोपण उचललं, त्याच्या आत बघितलं, फुंकर मारली, परत ठेवलं. माझे हात तसेच पुढं. अडीच वर्षांची माझी मुलगी, डोक्याला पिवळा पट्टा, कपाळावर आजीनं सकाळी लावलेली विभूतीची पुसट रेघ, आणि त्या एवढ्याशा खोलीत छत कोसळावं तसा आवाज. आणि ती, आणि बिरुदेव. दोघंच. बाकी सगळं जग दचकलं होतं आणि ही दोघंच तेवढी आपापल्या जागी होती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, आवाज बंद झाला असेल आणि माझ्याच कानात घुमतोय. मी सोमेशकडं बघितलं. त्याचं तोंड हलत होतं, तो काहीतरी ओरडून सांगत होता, आणि मलाही त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

मग आवाज थांबला. "वायर उलटी बसली वाटतं, मॅडम, एक मिनिट," असं म्हणून त्यानं काहीतरी खटपट केली आणि पुन्हा बटण दाबलं. आता दोन्ही झालं, भोंगा आणि दिवा. बिरुदेवनं झटकन मान वर केली आणि अंगठा दाखवला. आणि अक्षूनं मान वर केली. तिच्या गालावर लाल उजेड पडत होता, जात होता, पडत होता, आणि ती तोंडाचा चंबू करून छताकडं बोट दाखवत हसत होती. सोमेश शिडीवरून म्हणाला, "बाळाला आवडलं बघा. न्हाईतर पोरं बोंबलतात हो या आवाजानं." बिरुदेवनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तो खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उकिडवा बसला, दिव्याकडं बोट केलं, आणि हात वर नेऊन मिटलेली बोटं हळूच उघडली. दिवा. एवढं मलाही येतं; त्या भाषेचे थोडेसे शब्द मी शिकलेय, कार्यक्रमात 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' करून दाखवते, टाळ्या पडतात. अक्षूनं त्याच्या हाताकडं बघितलं. किती लक्ष देऊन बघितलं! मी रोज तिच्यासमोर बसून पाणी, पा-णी, असं घसा दुखेपर्यंत म्हणते तेव्हा ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत असते. तिनं आपली मूठ वर नेली. ती उघडायच्या आत मी पुढं झाले, ती मूठ माझ्या मुठीत धरली आणि खाली आणली. दाबून धरली. ती ओढत होती आणि मी सोडत नव्हते. बिरुदेव माझ्या हाताकडं बघत होता.

त्यानं मोबाइलवर लिहून माझ्यासमोर धरलं. 'मॅडम, हिला ऐकू येत नाही का?' मी त्याच्याच मोबाइलवर लिहिलं, 'येतं. खेळात आहे.' घाईत 'खेळात'चं 'खलात' झालं, ते मी दुरुस्त केलं. असल्या वेळी मी ते दुरुस्त केलं. त्यानं वाचलं, मान हलवली, आणि पुन्हा लिहिलं, 'मी फक्त दिव्याचं नाव सांगितलं तिला.'

बिरुदेवचं एक वाक्य माझ्याकडं आहे. माझ्याकडं आहे म्हणजे पडद्यावर दाखवायच्या माझ्या भाषणात ते निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत आहे. दुभाषी बाईंमार्फत त्यानं सांगितलेलं: मला नाव आहे, हे मला नवव्या वर्षी कळलं. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो मेंढरांमागं हिंडला, आई त्याला हाताला धरून न्यायची, ढकलून थांबवायची, जेवायला ताट पुढं करायची. प्रत्येक मेंढराला काही नाव असेल, आईलाही असेल, आपल्याला असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं आणि तिथं एका मुलानं त्याच्या भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं. तेच त्याचं नाव झालं. मी ते वाक्य दाखवते तेव्हा थोडं थांबते. लोक डोळे पुसतात. आता ते वाक्य माझ्यासमोर आलं ते प्रश्न होऊन. त्या नऊ वर्षांत त्याच्या डोक्यात काय होतं? रात्री अंथरुणावर पडल्यावर माणूस स्वतःशी बोलतो, ते तो कशात बोलायचा? आणि अक्षू? रोज रात्री माझ्या दंडावर डोकं ठेवून छताकडं बघत पडते, ती काय करत असते?

डोकं दुखतंय असं सांगून मी निघाले. रिक्षात अक्षू माझ्या मांडीवर, बाहेर तोंड करून. सात रस्त्याला नेहमीसारखी कोंडी. मार्चचं ऊन रिक्षाच्या काचेतून गुडघ्यावर पडलेलं. मी तिच्या डोक्यामागं तोंड नेऊन म्हटलं, "अक्षू." मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. मी तिच्या कानाजवळ टाळी वाजवली. तिनं मान वळवली, पण ती वाऱ्यानं कानावर आलेले केस बाजूला करत होती. शेजारी एसटी येऊन उभी राहिली आणि तिच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. पुढच्या रिक्षातलं एक बाळ आईच्या कुशीत शिरलं. माझं बाळ एसटीच्या चाकाकडं बघत राहिलं. "पोरगी लई शांत हाय की ताई," रिक्षावाला म्हणाला, "आमच्याकडं एक कार्टं हाय, घर डोक्यावर घेतंय." आणि मी, सवयीनं, जन्मभराच्या सवयीनं म्हणाले, "हो, पहिल्यापासून शांतच आहे."

पहिल्यापासून शांत. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय. ती वर्षाची पण नव्हती तेव्हा आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तिला शोभेचं दारूकाम बघायला घेऊन गेलो होतो. गर्दीत गुरुराजच्या, माझ्या नवऱ्याच्या, खांद्यावर ती झोपलेली, आणि वर आकाश फुटत होतं. बायका मागं वळून वळून बघत होत्या, कुणी म्हणालं, केवढं गुणी लेकरू, आमचं तर घामाघूम झालंय रडून. मी तिच्या टाळूवर रुमाल सारखा केला होता. मला अभिमान वाटला होता! म्हणजे मी काळजी करणारी बाई आहे, लोक मला हसतात इतकी. मी तिचा श्वास मोजलाय रात्री. तिच्या शीचा रंग, नखांचा रंग, डोळ्यांचा कोपरा, पायाचा तळवा सपाट आहे का, डोक्याचा घेर वाढतोय का, दुधाच्या पावडरीत रव्यासारखं काही दिसतंय का. द्राक्ष चार तुकडे करून देते. पाळण्याच्या दोरीची गाठ दर रविवारी तपासते. एवढा पहारा, आणि चोर पहिल्याच दिवसापासून घरातच.

नाही पण, ती वळायची. मी एकेक आठवून बघत होते, जणू कुणी मला पुरावे मागत होतं. मी कामावरून आले की दार उघडायच्या आत ती दाराकडं धावते. हो, पण त्याआधी सासूबाई उठतात, त्यांना उठताना बघून ती धावते. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरात येते. शिट्टीनंतर मी उठते. 'बाबा' म्हणते. 'ब्बा' म्हणते, भिंतीला पण म्हणते, बादलीला पण. मी पाय आपटत आले की बघते. जमिनीतून कळत असेल. 'फॅन कुठाय' म्हटलं की वर बघते, कारण विचारताना मीच वर बघते. एकेक पुरावा हातात घेतला की तो विरघळत होता, आणि खाली जे उरत होतं ते इतकं उघड होतं, इतकं ढळढळीत. मला सगळ्यात धक्का कशाचा बसला सांगू? तिला ऐकू येत नाही याचा नाही. तो अजून बसायचा होता, तो कुठंतरी मागून चालत येत होता. मला धक्का बसला तो या गोष्टीचा की मला ठाऊक होतं. कुठंतरी, दाताखाली खडा यावा तसं, मला ठाऊक होतं, आणि मी त्याला दुसरं नाव देऊन ठेवलं होतं. मी त्याला भाषा हे नाव दिलं होतं.

आमच्या घरात सासूबाई कन्नड बोलतात. शिवबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, मराठी येतं ते बाजारापुरतं, तेही कन्नडच्या चालीवर. गुरुराज दोन्ही बोलतो. माझं माहेर माढ्याचं, लिंगायतच आम्ही, पण आमच्या घरातनं कन्नड कधीच गेलेलं. लग्न होऊन आले तेव्हा ही मायलेकरं जेवताना कन्नडमध्ये काहीतरी बोलायची आणि हसायची, आणि मी आमटी वाढत विचार करायची की आमटीला हसतायत का मला. शेजारच्या घरात तेलुगू. तर अक्षू बोलेना, दीड वर्ष झालं, पावणेदोन झाली, तेव्हा जो तो मला हेच सांगायला लागला, की अहो तीन भाषा पडतायत तिच्या कानावर, गोंधळलंय पोर, कुठली धरावी कळेना तिला. शेजारीण म्हणाली आमच्या सिदूचं असंच झालं होतं, आता बघा कसा पोपटासारखा बोलतो. डॉक्टरसुद्धा म्हणाले, दोन भाषांचं घर आहे, वाट बघा. मला ते इतकं पटलं! इतक्या लवकर पटलं. मोबाइलवर मी त्यावरचे व्हिडिओ बघितले आणि एका संध्याकाळी जेवणाआधी जाहीर केलं, की आजपासून घरात एकच भाषा. मराठी. गुरुराज आईकडं बघत म्हणाला, "अव्वाला कसं जमंल?" मी आत्याबाईंकडं वळून म्हणाले, "अक्षूशी मराठीतनंच बोला, आत्याबाई. नाही जमलं तर नकाच बोलू. पण कन्नड नको." त्या भाकरीचं पीठ काढत होत्या. परातीतला हात थांबला. "बरं," म्हणाल्या, "न्हाय बोलत." आणि बोलल्या नाहीत. मागच्या श्रावणापासून. दिवसभर घरात दोघीच, आणि आजी नातीशी एक शब्द बोलली नाही. पहिले काही दिवस 'कूसू' म्हणजे बाळ, एवढा एक शब्द तोंडातनं निसटायचा, त्या लगेच पदर तोंडावर धरायच्या. पुढं तोही निसटेनासा झाला. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. जेवणाच्या ताटांवरचं कन्नडही आपोआप कमी झालं होतं.

म्हणजे मी एका माणसाचं तोंड बंद केलं, ते ज्या कानांसाठी केलं ते कान... रिक्षा होटगी रोडला लागली होती. मोबाइल वाजला, गुरुराजचा. तो होटगी जंक्शनला रेल्वेत आहे. "सायरन झाला का तुमचा?" "झाला." "बरोबर वाजला का?" "वाजला." "मग असं का बोलायलीस? पेटवलंबिटवलं काय कॉलेज?" तो हसला. मागं गाडीची शिट्टी ऐकू आली, लांबलचक, फोनमधनं आली आणि माझ्या कानात शिरली, आणि मी अक्षूच्या कानाच्या पाळीकडं बघत होते, त्यात आत्याबाईंनी हौसेनं घातलेली सोन्याची बाळी. "काय नाय," मी म्हटलं, "घरी आल्यावर सांगते." सांगायचे शब्द तर माझ्याकडं भरपूर होते. श्रवणदोष. लवकर निदान. कानामागची यंत्रं, कानाच्या आत बसवायचं यंत्र, सांकेतिक भाषा, वय जेवढं लहान तेवढं बरं. गेल्या महिन्यात केम गावाहून एक बाई आली होती, मायाक्का नावाची, तिच्या अंध मुलाचा प्रवेश घ्यायला, आणि माझ्या टेबलापाशी अचानक रडायला लागली होती. मी तिला पाणी दिलं. "रडायचं नाही, ताई, आता सोयी खूप झाल्यात," मी म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं होतं. नुसती बघत राहिली होती, आणि मला वाटलं होतं तिला माझं पटलं.

घरी आलो तर दार उघडंच. आत्याबाई सोमवारचं म्हणून सिद्धेश्वराला जाऊन आल्या होत्या, ओट्यापाशी कांदा चिरत होत्या. "आज लवकर?" म्हणाल्या. मी चपला पण काढल्या नव्हत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, अक्षूला ऐकू येत नाही." ते मी बोलले तेव्हा ते पहिल्यांदा मलाच ऐकू आलं. घर होतं तसंच राहिलं, कॅलेंडर, गॅस, खिडकीत वाळत घातलेलं फडकं. त्या हसल्या. "येडी का खुळी गं तू? त्या कॉलेजात ऱ्हाऊन तुला समदीच पोरं तसली दिसाय लागली. कूसू बरं हाय की." अक्षू तोवर हॉलमध्ये जाऊन पाठमोरी बसली होती, बाहुलीचे पाय ओढत. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग त्यांनी मांडणीवरचं पातेलं काढलं, उलथनं घेतलं, आणि तिच्या मागं जाऊन बडवलं. एकदा. मग जोरजोरात. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. अक्षूनं बाहुलीचा एक पाय काढला आणि तो बघायला लागली. "कूसू," आत्याबाई म्हणाल्या. मग फुटल्याच, कितीतरी महिन्यांचं कन्नड एकदम, "बा इल्ली, अक्षता, नन्न कूसू, बा, बा," इकडं ये, माझ्या बाळा, ये, ये, एवढं मलाही कळत होतं. पाठ हलली नाही. पातेलं त्यांच्या हातातच होतं. ते छातीशी धरून त्या फरशीवर बसल्या आणि माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाल्या, "मग मी कशापायी गप ऱ्हायले गं?"

मी भिंतीला टेकून उभी होते. तेवढ्यात अक्षू वळली, आपली आपणच, आणि तिला आजी दिसली, खाली बसलेली, गालावर पाणी. ती उठून आली. तिनं आपली तीन बोटं कपाळावरून आडवी ओढली, जशी विभूती लावतात तशी, मग तळहात उताणा करून हलवला. आत्याबाईंचा हात आपोआप उठला. त्यांनी डोळ्यांपाशी बोटं नेली, मग कांदा चिरल्यासारखं केलं. अक्षूनं मान हलवली, पटल्यासारखी. आणि मग आत्याबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी हात खाली घेतला, पदराखाली लपवला, देवळातला नारळ पळवताना सापडावं तसा. "न्हाय, न्हाय," म्हणाल्या, "उगं आपलं."

"काय केलं तुम्ही?"

"काय न्हाय म्हणलं ना."

"आत्याबाई, तिनं तुम्हाला काहीतरी विचारलं. काय विचारलं?"

त्या चिडून म्हणाल्या, "तू बोलू नको म्हणलीस, न्हाय बोलले. पर लेकरू दिवसभर म्होरं असतंय. हात काय बांधून ठेवू? तुझ्या मराठीत मला येतंय काय, कांदा कसा दिला, बटाटा कसा दिला. तू आलीस की बंद करत हुते. रागावशील म्हणून."

मी खाली बसले. मी म्हणाले, रागावत नाही, सांगा. आणि त्यांनी सांगितलं, आधी अंग चोरून, मग जरा हात सैल सोडून. कपाळावर तीन बोटं म्हणजे आजी, "ही मी." हात बाजूला नेऊन झेंडी हलवली की बाबा, रेल्वेत आहे म्हणून. दोन तळवे एकावर एक थापले की भाकरी. गालाखाली हात म्हणजे झोप, आणि तोच हात झटकला की नाही झोपायचं. शेजारणीचं कुत्रं. पाणी आलं नळाला. मला किती आहेत असं विचारायचं होतं, पण त्या अक्षूकडं बघून करत होत्या आणि अक्षू एकेकाला मान डोलवत होती, मध्येच तिनं आजीचा हात धरून दुरुस्त केला, कुत्र्याची शेपूट राहिली होती. माझ्या घरात. मी सकाळी डबा घेऊन जात होते आणि संध्याकाळी येऊन चित्रांचे पत्ते तिच्यासमोर धरत होते, आणि मधल्या वेळात माझ्याच स्वयंपाकघरात हे चाललं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी कामावर असते तर मी म्हणाले असते, अहो, किती छान. मला फक्त बाहेर काढल्यासारखं वाटत होतं, ताटांवरून हसणं चाललंय आणि आपण आमटी वाढतोय, तसं.

अक्षू माझ्याकडं आली. कपाळाला आठी घालून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं बोटं आणि अंगठा जुळवून चोचीसारखे केले, आपल्या ओठांपाशी नेले, आणि ती चोच भराभर उघडली मिटली, उघडली मिटली. मग तळहात उताणा. ही खूण मला ठाऊक होती. ही ती मला रोज करते. "भूक लागलीय तिला," मी म्हणाले आणि बिस्किटांच्या डब्याकडं हात नेला.

"भूक न्हवं ते," आत्याबाई म्हणाल्या.

"मग?"

"सोड की."

"आत्याबाई."

त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. "ते तू," म्हणाल्या. "मी न्हाय हं शिकवलं. तिचं तिनंच काढलं. तू सारखी म्होरं बसून तोंड हालवतीस, म्हणून."

डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. "म्हणजे आई?"

"व्हय. आई."

रोज. मी दारात पाऊल टाकलं की, रात्री दिवा मालवायच्या आधी, तापात. ती मला हाक मारत होती आणि मी तिच्या तोंडात बिस्कीट घालत होते. आणि तिनं ते खाल्लं होतं, दर वेळी, काय करणार बिचारी, आईला हाक मारली की बिस्कीट मिळतं असं जग असेल तर असेल. माझे कान तापले होते, डोळे कोरडे ठणठणीत. मी विचारलं, "आणि आता? आता काय म्हणतीय?"

आत्याबाईंनी नाक ओढलं. "आईचं तोंड का बंद हाय, म्हणतीया."

अक्षू थांबली होती. तिच्यासारखं थांबणं मी कुणाचं बघितलं नाही, सगळं अंग माझ्याकडं, उत्तर येणारच अशा खात्रीनं. मला सांगायचं होतं की आई घाबरली आहे. उद्या आपण कानांच्या डॉक्टरकडं जाणार आहोत. की तुला दिव्याचं नाव कुणीतरी सांगत होतं. यातलं एकही मला त्या भाषेत येत नव्हतं. "घाबरली कसं म्हणायचं?" मी विचारलं. "ते अजून काढलं न्हाय आमी," आत्याबाई म्हणाल्या, आणि मग, डोळे पुसता पुसता, जराशा खोडकरपणानं, "आणि तुला कसं यायचं? मराठी न्हवं ते." मी माझी बोटं जुळवली. ओठांपाशी नेली, उघडली, मिटली. "तसं न्हवं, अंगठा खाली," आत्याबाई म्हणाल्या. मी अंगठा खाली घेतला. उघडली, मिटली. आई. आई. अक्षूचे डोळे मोठे झाले, मग तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि ती हसायला लागली, मान मागं टाकून, जोरजोरात, पोट धरून, चढत्या आवाजात, शेजारपाजार ऐकेल इतकी. आत्याबाई आणि मी ते ऐकत बसलो.